नटायचं की लपायचं?

मंडळी, ऐका! आज आरंभालाच एक प्रश्न टाकतो तुमच्यापुढं. उत्तराची घाई करू नका. माणसानं नटावं—की नटू नये?

बघा, बघा! माउलींच्या बाजूला कुजबुज सुरू झाली! "आले बुवा, आता आमच्या लिपस्टिकवर घसरणार!" नाही हो, आई. निर्धास्त बसा! मी स्वतः इथं उभा राहण्याआधी फेटा सोडून पुन्हा बांधलाय. गंध वाकडं आलं म्हणून पुसून परत लावलंय. आणि आमचे पखवाजवाले वामनबुवा—आता मान खाली घालू नका, बुवा!—यांची मिशी एवढी काळीभोर कशी, ते त्यांच्या कलपाच्या डबीला विचारा!

मग नटणं वाईट आहे असं कुठल्या तोंडानं सांगू? देवसुद्धा नटतो! पुजारी सकाळी देवाला न्हाऊ घालतो, वस्त्र नेसवतो, गंध रेखतो, तुळशीचा हार घालतो. काय रूप खुलतं! पण एक सांगा. अभिषेकाच्या वेळी, अंगावर हार नाही, मुकुट नाही, अशा वेळी तुम्ही गाभाऱ्यात डोकावलात—तर देव काय म्हणतो? "थांबा, थांबा! अजून तोंडाला काही लावलं नाही, आत्ता बघू नका!" असं म्हणतो का? अहो, तो आहे तसा उभा असतो! आणि आपण धन्य होऊन सांगतो, आज मूळ रूपाचं दर्शन झालं!

म्हणजे प्रश्न नटण्याचा नाहीच. खरा प्रश्न असा—आपण आरशापुढं उभे राहतो ते नटायला, का लपायला? दोन्हीला डबी एकच लागते, बरं का! मग फरक ओळखायचा कसा?

ते एका सुनेला ओळखता आलं. तिची गोष्ट सांगतो.

बोरदरा नावाचं गाव. बऱ्यापैकी बाजाराचं गाव. एसटी स्टँडला लागून पिठाची गिरणी, आणि गिरणीच्या वरच्या मजल्यावर पाटी—'वैजयंता ब्युटी पार्लर'! खाली दळण, वर फेशियल! बायका खाली गव्हाचा डबा ठेवायच्या आणि दळण होईपर्यंत वर जाऊन भुवया कोरून यायच्या. खाली पीठ उडतंय, वर पावडर उडतेय! रस्त्यानं चाललेली बाई गिरणीतून आली का पार्लरमधून, ते तोंडावरून कळायचं नाही!

पार्लरची मालकीण वैजयंता. शेळक्यांची सून. नवरा सोपान भाजीचा टेंपो चालवायचा. घरात सासू चंद्रभागाबाई आणि लग्नाची नणंद रेणुका. वैजयंताचा हात असा हलका की दोरा भुवईवरून फिरला तरी बाई बोलता बोलता थांबायची नाही! पंचक्रोशीतल्या नवऱ्या तिच्याचकडं यायच्या. आणि खुर्चीत बसली की प्रत्येकीचं एकच मागणं—"ताई, जरा उजळ करा हं!" काळी म्हणायची उजळ करा, सावळी म्हणायची उजळ करा, आणि गोरीपान असायची ती म्हणायची—जरा अजून! अहो, अजून म्हणजे किती? ट्यूबलाइट व्हायचंय का?

वैजयंता हसायची आणि करायची. पण तिचं स्वतःचं काय होतं, ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. डाव्या भुवईच्या टोकाशी एक पांढरा ठिपका आला. तिला वाटलं, चुना लागला. पुसला—जाईना! महिन्यांमागून महिने गेले, ठिपक्याचा डाग झाला, डाग गालावर उतरला, ओठाच्या कडेपर्यंत आला. कोड! आपण ज्याचं नाव घेताना आवाज खाली आणतो, ते कोड.

सोपाननं तिला तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्या बाई भल्या. म्हणाल्या, "हे शिवल्यानं होत नाही, जेवल्यानं होत नाही. हे पाप नाही आणि शापही नाही. कातडीचा रंग जातो, एवढंच. औषध घ्या, उन्हाला जपा आणि मजेत राहा." औषधानं पसरणं थांबलं. आले ते डाग मात्र राहिले. सोपान परतताना टेंपोत म्हणाला, "मला तर भुवईशी ढग उतरल्यासारखा दिसतो. बरा दिसतो!" वैजयंता रडता रडता हसली.

पण घरी सासू! आता सासू म्हटलं की तुम्ही लगेच तोंड वाकडं कराल. तसं करू नका! चंद्रभागाबाई वाईट नव्हत्या. त्यांनी सुनेला जवळ घेतलं, डोळे पुसले, आणि दुसऱ्याच दिवशी स्वतः शहरात जाऊन दाट क्रीमची बाटली आणली. म्हणाल्या, "वैजू, माझ्यासाठी एवढं कर. हे कुणाला दिसू देऊ नकोस. आपल्या रेणुकाचं लग्न व्हायचंय. लोकांना कळलं तर स्थळं यायची नाहीत."

ऐकलंत? कोड भावजयीला—आणि स्थळं नणंदेची अडणार! अहो, भावजय दुसऱ्या घरातनं आलेली! तिचं कोड नणंदेला पोचणार कुठल्या एसटीनं? पण भीतीला असलं काही विचारायचं नसतं. भीती बसली की शहाणं माणूसही मागं-पुढं बघत नाही.

झालं! वैजयंता घरातलं कुणी जागं व्हायच्या आधी उठायला लागली. चूल नंतर, देव नंतर—आधी क्रीम! थर द्यायचा, वाळू द्यायचा, वर दुसरा थर. घाम आला की पदरानं नुसतं टिपायचं, पुसायचं नाही. भर पावसाळ्यात छत्री उडाली तरी आधी छत्री नाही धरायची, आधी गाल धरायचा! माहेरी गेली तरी आईच्या मांडीवर तोंड घुसळता यायचं नाही, कारण आईच्या लुगड्याला रंग लागेल. आता सांगा मंडळी, याला नटणं म्हणता का तुम्ही? पार्लरमध्ये ती दिवसभर दुसऱ्यांना नटवायची आणि आपण मात्र लपून बसायची—आपल्याच चेहऱ्यामागं!

अशात रेणुकाचं लग्न जमलं. शेजारच्या तालुक्यातले जाधव, मुलगा धनंजय, दुधाच्या संघात नोकरी. मुलगा शांत, मुलगी बोलकी—म्हणजे संसार नीट चालणार! मुलाची आई हौसाबाई. नावाप्रमाणं हौशी. धनंजयच्या पाठीवर फार उशिरा झालेली एक धाकटी मुलगी आहे, ईश्वरी, असं त्यांनी सांगितलं होतं. पण जेव्हा बघावं तेव्हा ती मामाकडं गेलेली! बघायला गेले—मामाकडं. सुपारी फुटली—मामाकडं. साखरपुडा झाला—मामाकडं! शेळके म्हणायचे, काय मामावर जीव आहे पोरीचा!

लग्न वैशाखातलं. ऊन असं की मांडवातले पंखे वारा नाही, वाफ फेकत होते. वैजयंतानं सकाळी रेणुकाला तयार केलं. आणि काय तयार केलं! सावळ्या रंगावर एक थर जास्तीचा नाही. डोळे रेखले, भुवयांमध्ये कुंकू लावलं, मुंडावळ्या बांधल्या, नथ घातली. रेणुका आरशात बघून म्हणाली, "वहिनी, ही मीच आहे ना गं? फक्त रविवारची!" चंद्रभागाबाईंनी लेकीची दृष्ट काढली आणि सुनेच्या कानात हळूच म्हणाल्या, "तुझं नीट आहे ना? घाम सुटलाय. एक हात अजून मार."

तेवढ्यात जानवसघरातनं निरोप आला. "वरमाई बोलावताहेत. पार्लरवाल्या वहिनींना एकट्यांनाच पाठवा."

वैजयंता मनाशी म्हणाली, कळलं की काय यांना? कुणी सांगितलं? मुहूर्ताला तास-दीड तास राहिलेला. आता मोडलं तर? तिनं सामानाची पेटी उचलली आणि देवाचं नाव घेत निघाली.

जानवसघराच्या मागच्या खोलीत हौसाबाई उभ्या. दार लावून घेतलं. आणि काय केलं असेल त्यांनी? वरमाई, मुलाची आई—सुनेच्या भावजयीपुढं हात जोडले!

"वैजयंताताई, तुम्ही नवरीकडच्या. तुम्हाला सांगू नये. पण इथं दुसरी पार्लरवाली कुठून आणू? माझ्या ईश्वरीला जरा ऊन लागलंय, चट्टे पडलेत. तेवढे झाका. आणि पाया पडते—तुमच्या सासूबाईंना यातलं कळू देऊ नका!"

खाटेवर परकर-पोलक्यातली पोरगी बसलेली. शाळकरी. डोळे रडून लाल. आणि तिच्या हनुवटीपासून गळ्यापर्यंत, डाव्या हाताच्या बोटांवर—तेच! वैजयंताला ओळखायला किती वेळ लागतो? तो रंग ती रोज पहाटे झाकत होती!

आलं का लक्षात, मंडळी? इकडं शेळके जाधवांपासून लपवताहेत, तिकडं जाधव शेळक्यांपासून! दोन्ही घरांत एकच गोष्ट, आणि दोन्ही घरं एकमेकांच्या धाकानं अर्धी झालेली! तो मामासुद्धा बिचारा किती वेळा भाचीला सांभाळून दमला असेल!

वैजयंतानं पेटी उघडली. बोटावर क्रीम घेतलं. पोरीनं मान मागं घेतली.

"नको! मला जळजळतं त्यानं! मला करवली व्हायचंय. दादाच्या मागं कलश घेऊन उभं राहायचंय. आई म्हणते, हे लावलं तरच उभी राहा, नाहीतर इथंच बस."

"अगं, थोडा वेळच—" हौसाबाई कळवळल्या. "माझे बाई, हट्ट करू नको गं!"

पोरीनं आईकडं बघितलंच नाही. ती वैजयंताकडं बघत होती. म्हणाली, "काकू, तुम्हाला सगळं माहीत असतं ना तोंडाचं? मोठं झाल्यावर हे जातं का?"

आता बघा! प्रश्न केवढासा! 'जातं हो' म्हणून टाकायला काय लागतं? आपण म्हटलं असतं! पोर गप्प झाली असती, क्रीम लागलं असतं, लग्न लागलं असतं. पण वैजयंताच्या मनात आलं, आज मी हिला 'जातं' म्हटलं, तर ही पोर रोज उठून आरशात बघेल. नाही गेलं की म्हणेल, माझंच काहीतरी चुकलंय. आणि मग हीसुद्धा पहाटे उठायला लागेल. माझ्यासारखी.

तिनं बोटावरचं क्रीम पुसून टाकलं. खोलीच्या कोनाड्यात खोबरेल तेलाची बाटली होती, ती घेतली. तळहातावर तेल ओतलं. आणि आपल्याच गालावर चोळायला लागली!

"अहो, हे काय करताय?" हौसाबाई.

वैजयंता चोळत राहिली. मग पदराचं टोक घेतलं—लग्नातलं नवं लुगडं, हं!—आणि भुवईपासून ओठापर्यंत खसखसून पुसलं. थर निघाला. आणि ढग दिसला.

हौसाबाईंनी भिंत धरली.

"बघ," वैजयंता पोरीला म्हणाली, "माझं गेलेलं नाही. औषध घेते, पसरणं थांबलं. पण आहे. आणि त्याच्यासकट मी सगळं केलं. पार्लरचं काम शिकले, पार्लर काढलं, तुझी वहिनी सकाळी मीच सजवली. एकच गोष्ट जमली नाही—असं बाहेर यायला जमलं नाही. मला फार भीती वाटते. तू येतेस का माझ्याबरोबर?"

पोरगी उठून जवळ आली. तिनं आपलं पांढरं बोट वैजयंताच्या गालावर टेकवलं. म्हणाली, "तुमचं तर पानासारखं आहे! माझं नुसतंच पसरट आहे." आणि हसली! तोंडभर हसली! हौसाबाई नंतर सांगायच्या, घरात ते हसू मी कधीपासनं ऐकलं नव्हतं.

"मी नाही अडवत," त्या एवढंच बोलल्या. डोळे गळत होते.

निघाल्या दोघी. एकीच्या हातात कलश, दुसरीनं तिचा खांदा धरलेला. ऊन तोंडावर आलं. किती वर्षांनी वैजयंताच्या गालाला वारा लागला! गरम वारा, वैशाखातला—पण तिला वाटलं, कुणी माहेरचं माणूस गालावरून हात फिरवतंय.

मांडवात शिरल्या—आणि सनईवाला सोडून सगळे थांबले! मग सनईवाल्यानंही बघितलं. तोही थांबला!

चंद्रभागाबाईंचा हात कपाळाला. "वैजू! अगं काय केलंस हे!" आणि तेवढ्यात नजर कलश घेतलेल्या पोरीच्या गळ्यावर गेली. पुन्हा सुनेकडं. पुन्हा पोरीकडं. मागून हौसाबाई येत होत्या, त्यांच्याकडं वळल्या—"विहीणबाई! तुम्ही आमच्यापासून लपवलंत?"

"आणि तुम्ही?" हौसाबाई म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडं बघताहेत. तेवढ्यात ईश्वरी मोठ्यांदा म्हणाली, "मग आता लपवायचं कुणापासून?"

आधी चंद्रभागाबाईंच्या तोंडून हसू निसटलं का हौसाबाईंच्या, ते देवाला ठाऊक. पण दोघी हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या, आणि एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दोघींच्या नथी एकमेकींत अडकल्या, त्या सोडवायला माणसं लागली!

पण लग्न म्हटलं की एक मावशी असतेच. असते ना? मुलाची गोदामावशी पुढं आली. "हसायला काय झालं तुम्हाला? कोडाची बाई नवरीच्या आसपास फिरणार? अक्षता टाकणार? मला नाही चालायचं! तिला लांब बसवा, नाहीतर मी निघाले!"

वैजयंताचा हात आपोआप गालावर गेला. जुनी सवय! ती मागं सरकली.

आणि आतून नवरी बाहेर आली. बोलकी मुलगी, मी मघाशी म्हटलं ना! मुंडावळ्या सावरत मावशींपुढं उभी राहिली. आवाज मात्र नम्र.

"मावशी, मोठ्या आहात, रागावू नका. सकाळी मला न्हाऊ घातलं वहिनीनं. हे कपाळावरचं कुंकू लावलं तेही तिनंच. तिचा हात नको असेल तर हे कुंकूही पुसावं लागेल. तुम्ही पुसता का?"

मांडवात एवढ्या बायका—कोण म्हणणार, पुसते? नवरीचं कुंकू! मावशी जाऊन मागच्या खुर्चीत बसल्या. रुसून. जेवल्या मात्र, जिलेबीसकट!

तेव्हा आपला शांत नवरदेव पहिल्यांदा बोलला. "मामा, अंतरपाट धरा ना. मुहूर्त निघून चाललाय. आणि ईशे, तू अशी मागं काय लपतेस? माझ्या शेजारी ये."

सोपान कुठं होता? तो गर्दीतून आला, बायकोच्या चेहऱ्याकडं बघितलं, आणि काय बोलावं त्यानं? "अगं, पंख्याखाली ये. घाम आलाय तुला." बस! दुसरं काही नाही. मंडळी, काही नवऱ्यांना प्रेम बोलता येत नाही, पण पंखा कुठं आहे ते बरोबर ठाऊक असतं!

लग्न लागलं. अक्षता पडल्या. वैजयंता नवरीपाशी उभी, उघड्या चेहऱ्यानं. तिनं रेणुकाच्या कानात विचारलं, "तुझाही पुसू का गं मेकअप?" तर रेणुका म्हणाली, "हात लावू नकोस हं! केवढी सुंदर दिसतेय मी! फोटो व्हायचेत अजून!"

बरोबर बोलली की नाही? ती नटली होती. ती लपली नव्हती. तिच्या लालीत भीती नव्हती, तिला पुसायचं कारण काय?

पुढचं सांगतो, उगीच गोड करून सांगत नाही. काही बायका पार्लरला यायच्या बंद झाल्या. गिरणीत दळण टाकायच्या आणि वर न बघता जायच्या. वैजयंताला वाईट वाटायचं. एखाद्या दिवशी हात बाटलीकडं जायचा. एखाद्या दिवशी लावायचीसुद्धा! का नाही? तिचा चेहरा, तिची मर्जी. पण पहाटे उठणं संपलं. सासू मात्र आता गिऱ्हाइकाला चहा द्यायला स्वतः जिना चढायची आणि बजावून सांगायची, "ही माझी सून. कोड आहे तिला, ते शिवल्यानं होत नाही. साखर किती घालू?" हळूहळू बायका परत आल्या. नव्याही आल्या—कुणाच्या गालावर भाजल्याचा वण, कुणाच्या कपाळावर वांग. खुर्चीत बसून आधी रडायच्या. वैजयंता विचारायची, "नटायचंय का लपायचंय? नटायचं असेल तर बसा, जीव ओतून नटवते. लपायचं असेल तर आधी चहा घेऊ, बोलू."

आणि ईश्वरी? पोरगी आता छत्री घेऊन, गळा उघडा टाकून शाळेला जाते. वर्गात कुणी विचारलं की सांगते, "आमच्या वहिनीच्या वहिनीला पण आहे!" जणू घराण्याचा दागिना!

आता मंडळी, गोष्ट झाली. इकडं बघा. नाही, माझ्याकडं नको—जरा आपापल्या आत बघा.

वैजयंताला तिच्याच चेहऱ्यामागं कुणी लपवलं? आरशानं? क्रीमच्या बाटलीनं? त्यांना काय कळतंय! घरात पोर जन्मली, की आई सुखरूप आहे का हे विचारायच्या आधी आपण विचारतो, "गोरी आहे का हो?" लेक कौतुकानं नवा झगा घालून पुढं आली, की आपण म्हणतो, "हा रंग तुला खुलत नाही." लग्नाच्या माहितीपत्रकावरचा फोटो आणि आधार कार्डावरचा फोटो शेजारी ठेवा—दोन वेगळी माणसं! कुणासाठी एवढं? आपल्यासाठी! बघणारे आपणच ना? एकेका शब्दानं एकेक थर आपण चढवलाय, आणि वर पुन्हा म्हणतो, हल्लीच्या पोरी फार मेकअप करतात!

माउली, लावा पावडर! लावा लाली, लावा गजरा, खुशाल आनंदानं लावा. पण ज्या दिवशी लावावंसं वाटणार नाही, त्या दिवशी तसंच बाहेर या. आणि बाप्यांनो, तुम्हाला काम वेगळं. घरी गेल्यावर बायको, लेक, सून—जी कुणी समोर येईल, तिच्या रंगावर, डागावर, जाडीवर, पिकल्या केसावर एक अक्षर बोलायचं नाही. एवढंच जमवा. ज्यानं हा चेहरा घडवला त्याची पूजा गाभाऱ्यात करता ना? मग त्याच्याच कामाला ओसरीत बसून नावं ठेवू नका.

चला, टाळ उचला! गजर घेऊ. आणि आज एक करा—गजर म्हणताना पदर तोंडावर ओढायचा नाही, मान खाली घालायची नाही. ज्याचं जे तोंड आहे, ते वर करून म्हणा!